उचलून धरलेली होडी

उदगीरच्या मोंढ्यात तुरीचे व्यापारी पुष्कळ आहेत, पण स्वतःची होडी असलेला व्यापारी एकच. ते म्हणजे माणिकप्पा. कपाळाला विभूती, अंगात पांढरा नेहरू शर्ट, गावाबाहेर छोटीशी डाळ मिल आणि मिलीच्या मागच्या आवारात, तुरीच्या भुश्श्याच्या ढिगाशेजारी, ट्रेलरवर चढवलेली निळी फायबरची होडी.

ती आली त्याची हकिकत अशी. एका वर्षी पाऊस इतका झाला की गावाजवळचा तलाव सांडव्यावरून वाहिला. त्याच सुमाराला माणिकप्पा पुतण्याच्या ॲडमिशनची चौकशी करायला नांदेडजवळ विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेले. तिथं धरणाच्या बाजूला एक बोटिंगवाला धंदा गुंडाळत होता. माणिकप्पांनी चौकशी ॲडमिशनची करायची ती होडीची केली आणि संध्याकाळी ट्रेलर जीपला जोडून घरी आले. त्यांच्या बायकोनं, शांतम्मानं, दारातूनच विचारलं की पुतण्याचं काय झालं. ते माणिकप्पांना सांगता आलं नाही.

एक हिवाळा होडी तलावात चालली. रविवारी उदगीरची पोरंबाळं फेऱ्या मारायला यायची. माणिकप्पांची मुलगी सृष्टी तेव्हा दहावीत होती. ती वल्हवायला शिकली, मागं लावायचं इंजिन चालवायला शिकली, आणि अभ्यासाला बसवलं तरी तिचं ध्यान तलावाकडं. पुढच्या वर्षी तलाव आटला, होडी चिखलात बसली आणि तिला परत आणून मिलीमागं उभं केलं. होडी जमिनीवर आली, पण सृष्टी काही आली नाही. कॉलेज संपवून ती मालवणकडं पाण्यातल्या खेळांचं शिक्षण घ्यायला गेली, तिथंच नोकरीला लागली आणि तिथल्याच एका बोटवाल्याच्या मुलाशी तिनं लग्न केलं.

शांतम्मा लग्नाला उभी राहिली, उदगीरच्या रिसेप्शनमध्ये जावयाला कुंकवाचा टिळा लावून आहेरही केला. पण जिथं दोन्ही वेळा मासळी शिजते त्या घराचा उंबरा मी चढणार न्हाई, असं तिनं जाहीर केलं होतं, आणि या सगळ्याचं खापर ती त्या होडीवर फोडायची. "तुमी होडी आणली न्हाई, पोरगी न्यायला गाडी आणली," असं ती नवऱ्याला म्हणायची. मात्र होडीवरचा राग वेगळा आणि होडीचा उपयोग वेगळा. उन्हाळ्यात सांडगे, कुरडया आणि पापड ती होडीतच वाळवायची, कारण तिथं शेळ्या पोचत नव्हत्या. हळूहळू जुन्या गोधड्या, पितळी घागरी, मोडका पाळणा आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, असं सगळं होडीत जाऊन बसलं.

दिवाळीनंतर सृष्टीचा फोन आला. सासरच्यांनी खाडीत पर्यटकांना फिरवायचं काम सुरू करायचं ठरवलं होतं. मोठ्या बोटी अरुंद पाण्यात जात नाहीत. तिनं जरा चाचरत विचारलं, "अप्पा, आपली होडी हाय का अजून?"

माणिकप्पा फोन कानाला लावूनच मिलीमागं गेले आणि बघून म्हणाले, "हाय. तुझ्या आव्वाचं सामान हाय तिच्यात, पण होडी हाय."

सृष्टीनं लगेच ट्रेलर दाखवायला सांगितलं. व्हिडिओवर तिला दिसलं ते असं: चाकं मातीत रुतलेली, टायरांना भेगा, मागचा दिवा चिमण्यांनी घरट्याला घेतलेला, आणि जीपला अडकवायचा हूक गंजून लाल झालेला. ती म्हणाली की एवढं लांब यायचं, शेवटी घाट उतरायचा, तेव्हा ट्रेलर आधी नीट तयार करा, घाई करू नका. मग तिनं काय काय करायचं ते समजावून सांगितलं. टायर नवे घ्यायचे. चाकांच्या हबमधली, म्हणजे मधल्या तुंब्यातली, बेअरिंगं काढून, धुऊन, गंजली असतील तर बदलून, नवं ग्रीस भरायचं, कारण ट्रेलर तलावात उतरवताना आत पाणी गेलेलं असणार. हबचा नट आवळून परत थोडा सैल सोडायचा, म्हणजे चाक मोकळं फिरतं, आणि मग नट निसटू नये म्हणून त्यात पिन घालायची. होडी दोरीनं नाही, पट्ट्यांनी बांधायची. माणिकप्पांनी सगळं ऐकलं आणि सगळ्याला "हाव, हाव" म्हटलं.

हे काम त्यांनी दगडोबाला दिलं. दगडोबा मूळचा हदगावचा. सासुरवाडीच्या आधारानं तो उदगिरात आला होता आणि जळकोट रोडला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा. आजवर त्यानं कितीतरी ट्रॉल्या जोडल्या होत्या आणि त्यातली एकही पाण्यात गेली नव्हती, पण त्यामुळं तो अडला नाही. त्याच्या हिशेबानं ट्रॉलीत ऊस असतो आणि ट्रेलरवर होडी असते, एवढाच फरक. माणिकप्पांनी सृष्टीचं सगळं सांगणं त्याला पुन्हा सांगितलं. नट आवळून परत सैल सोडायचा, हे ऐकून मात्र तो हसला.

"अप्पा, मी जिंदगीभर आवळून राहिलो," तो म्हणाला. "सैल सोडलेलं काम कुठं टिकते का? तुमी फिकीर करू नका."

त्यानं नट इतका आवळला की पाईप लावून पान्याला लोंबकळला. चाक हातानं फिरवलं तर अर्धा फेरा फिरून थांबायचं. दगडोबा त्याला भक्कमपणा म्हणाला. पिन मात्र त्याला त्या मापाची मिळाली नाही, म्हणून त्यानं तिथं तार गुंडाळली.

इकडं शांतम्मानं होडी खाली करायला साफ नकार दिला. सामान ठेवायचं कुठं, हा तिचा सवाल होता आणि तो चुकीचाही नव्हता. शेवटी माणिकप्पांनी तिच्यासाठी मिलीतली एक खोली रिकामी केली. ती एकेक वस्तू होडीतून उतरवून घेताना बोलत होती की मुलगी पाण्यात सोडली, आता घरदारबी सोडा. पाळणा मात्र तिनं पदरानं पुसून खोलीत सगळ्यात आत ठेवला.

आता या गोष्टीत निवडणूक येते. जिल्हा परिषदेच्या प्रचाराला त्याच दिवसांत रंग चढला होता. शांतम्माचा धाकटा भाऊ मलप्पा उदगीरबाहेरच्या गटात, म्हणजे माणिकप्पांचं घर ज्या मतदारसंघात येतं तिथं, उभा होता आणि त्याचं चिन्ह होतं कपबशी. त्याच्याविरुद्ध बसवंत नावाचा खताचा दुकानदार अपक्ष उभा होता. त्याला चिन्ह मिळालं होतं होडी. बसवंत त्यामुळं बेजार झाला होता. ज्या गटात प्यायचं पाणी टँकरनं येतं, तिथं लोकांना होडी दाखवायची कशी? कपबशी काय, घरोघरी असते. तो चिन्हाचं कागदी चित्र घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरत होता आणि म्हाताऱ्या बायका त्याला हे कलिंगडाची फोड हाय का, असं विचारत होत्या.

माणिकप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. मेहुणा उभा आहे, त्याला मत द्यायचं, इथवरच त्यांचं राजकारण. त्यांचं सारं चित्त ट्रेलरवर होतं. मालवणला निघायच्या आधी एकदा ओढून बघावं, म्हणून एका सकाळी त्यांनी होडी जीपला जोडली, दगडोबाला शेजारी बसवलं आणि जळकोटच्या रस्त्याला लागले.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, लोक होडी बघून नवल करतायत. रस्त्याकडेची माणसं हात हलवत होती. एका फाट्यावर चारपाच जणांनी जीप थांबवून होडीच्या नाकाला हार घातला आणि माणिकप्पांना चहा पाजला. माणिकप्पांना गहिवरून आलं. उदगीरच्या माणसाला होडीची एवढी कदर आहे, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. पुढं गेल्यावर एक रिक्षा मागं लागली. तिच्या टपावरच्या भोंग्यातून आवाज येत होता की होडीसमोरचं बटण दाबा, बसवंत भाऊंना विजयी करा. माणिकप्पांनी जीप हळू केली, रिक्षा हळू झाली. जोरात घेतली, तीही जोरात आली. मागं मोटारसायकली जमल्या. कुणीतरी गुलाल उधळला.

दगडोबा म्हणाला, "अप्पा, आपण कुणाच्या वरातीत घुसलो काय?"

तेव्हा माणिकप्पांना उमगलं. मेहुण्याच्या विरोधातली मिरवणूक आपण स्वतःच्या जीपनं ओढतोय, आणि हे शांतम्माला कळलं तर घरात भाकरी मिळायची नाही. त्यांनी पहिल्या वळणावर जीप सांगवीच्या कच्च्या रस्त्याला घातली. त्यांच्या दुर्दैवानं त्या दिवशी सांगवीच्या पारावर मलप्पाचीच सभा होती.

हे त्यांना आधी दिसलं नाही. आधी दिसलं ते चाक. जीपच्या उजव्या बाजूनं एक चाक त्यांना मागं टाकून पुढं निघालं. माणिकप्पांच्या मनात आलं, कुणाचं बरं निसटलं. मग मागून लोखंड घासल्याचा आवाज आला आणि जीप एका बाजूला ओढली गेली. दगडोबानं आवळलेल्या नटामुळं बेअरिंग तापून भाजलं होतं, तार तुटली होती आणि हबसकट चाक मोकळं झालं होतं. उतार होता. चाक पारापर्यंत गेलं, सभेतल्या लोकांनी उठून वाट दिली, आणि ते मंचाच्या पायरीला लागून मलप्पासमोर आडवं झालं. मलप्पा त्या वेळी रस्त्याच्या कामांबद्दल बोलत होता.

मागोमाग कलती होडी दिसली, तिच्या नाकाला हार, तिच्यावर गुलाल, आणि जीपच्या खिडकीतून बाहेर येणारे दाजी.

मलप्पा मंचावरून खाली आला. दाजींना तो फक्त एवढंच म्हणाला, "दाजी, आज तरी नको होतं."

माणिकप्पांनी हात जोडून सांगितलं की ही प्रचाराची नाही, सृष्टीची होडी आहे. होडी एका बाजूला कलंडत होती, ती पडली असती तर फुटली असती. भाचीची वस्तू म्हटल्यावर मलप्पाला राहवेना. त्यानं कार्यकर्त्यांना हाक मारली. गळ्यात कपबशीचे पंचे घातलेली वीसेक माणसं धावली आणि त्यांनी होडी खालून खांद्यावर पेलून धरली, तोवर दगडोबानं खाली दगड आणि जॅक लावला. मलप्पानं स्वतः नाकाकडची बाजू धरली होती.

मागून आलेल्या रिक्षातल्या पोरांनी नेमका तोच फोटो काढला. दुपार व्हायच्या आत तो साऱ्या गटात फिरला. खाली लिहिलं होतं, "मलप्पांनीही होडी उचलून धरली."

संध्याकाळी मलप्पा बहिणीच्या घरी आला. चप्पल काढली, पण बसला नाही, चहाही घेतला नाही. शांतम्मानं सगळं ऐकलं आणि नवऱ्याकडं बघून स्वयंपाकघरात निघून गेली. त्या रात्री जेवण वाढलं गेलं, पण ताट सरकवल्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

दुसऱ्या दिवशी आचारसंहितेचं पथक मिलीत येऊन गेलं. पथकातल्या साहेबांनी होडीभोवती फेरी मारली आणि मतदान होईस्तोवर ती झाकून ठेवायला सांगितली. माणिकप्पांनी ताडपत्री टाकली. पण होडी झाकली तरी होडीच दिसते. उलट लोक आता मुद्दाम बघायला येऊ लागले की झाकून ठेवण्यासारखं काय आहे. बसवंतही आला. त्यानं माणिकप्पांना शाल घातली, आणि म्हणाला की एवढ्या लांबच्या प्रवासाला अमावस्या टाळा, पौर्णिमा बघा, निवांत मतदान झाल्यावर निघा, वाटल्यास मी स्वतः ट्रेलरला रंग मारून देतो. तो रंग होडीसारखाच निळा असणार होता आणि ताडपत्री काढल्याशिवाय तो मारता येणार नव्हता.

हे कळल्यावर मलप्पानं आपला राग गिळला. होडी जितकी लवकर तालुक्याबाहेर जाईल तितकं बरं, हे त्याच्या ध्यानात आलं. सकाळी प्रचाराला निघायच्या आधी तो मिलीत येऊन ट्रेलरचं काम बघू लागला. आपल्या ओळखीनं लातुरातून त्यानं मापाची बेअरिंगं आणि पिना मागवल्या, वाकलेला ॲक्सल सरळ करून घेतला, नवे टायर आणले, एक जास्तीचं चाक आणलं. त्यानं स्वतः सृष्टीला व्हिडिओवर घेतलं आणि फोन दगडोबाच्या नाकासमोर धरून उभा राहिला.

"दगडू काका, नट आवळा," सृष्टी म्हणाली. "आता परत फिरवा. अजून थोडा. आता चाक फिरवून दाखवा."

चाक भिंगरीसारखं फिरत राहिलं. दगडोबा त्याच्याकडं उदास नजरेनं बघत होता. इतकं मोकळं काम आपल्या हातून झालं, हे कुणाला सांगू नका, असं त्यानं मलप्पाला सांगितलं.

मागचे लाल दिवे बसले, वळायचे दिवे बसले, दोन्ही बाजूंना रेडियमच्या पट्ट्या लागल्या. हूक निसटलाच तर ट्रेलर सुटू नये म्हणून दोन साखळ्या एकमेकींवर फुली घालून जीपला जोडल्या. पट्टे आवळले. एवढं झाल्यावर गाडी मिलीच्या आवारात फिरवून बघितली, तर ट्रेलरची शेपटी डावी-उजवी डुलू लागली. सृष्टीनं विचारलं की होडीत मागच्या बाजूला काही ठेवलंय का. सगळ्यांनी नाही म्हटलं. माणिकप्पांनी ताडपत्री वर करून पाहिलं, तर मागच्या टोकाला तूरडाळीचं पोतं, ज्वारीची दोन पोती, सांडग्याचे डबे, शेंगदाण्याची चटणी आणि दोन नव्या गोधड्या.

शांतम्मा दारात उभी होती. ती म्हणाली, "तिकडं ज्वारी मिळत न्हाई म्हनं. पोरगी भात खाऊन फुगली असंल." आणि आत गेली.

ज्वारी उतरवा, असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पण यावर उपाय माणिकप्पांना ठाऊक होता. त्यांच्या वडिलांच्या बैलगाडीत धान्य भरायचं ते असंच, मागं जास्त झालं की गाडी उलाळ व्हायची आणि बैलांचे गळे वर ओढले जायचे. थोडा भार जुवावर पाहिजेच. त्यांनी पोती पुढं सरकवली, होडीही ट्रेलरवर वीतभर पुढं ओढून घेतली, आणि शेपटी गप्प झाली. सृष्टी फोनवर म्हणाली की अप्पा, तुमाला येतंय की. त्या दिवशी माणिकप्पा मोंढ्यात जरा ताठ चालत गेले.

निघायचा दिवस मलप्पानं ठरवला, मतदानाच्या चार दिवस आधीचा. बसवंतनं शेवटचा प्रयत्न म्हणून नारळ फोडायला येतो असं कळवलं होतं, म्हणून निघायची वेळही मलप्पानं तासभर अलीकडं घेतली. पण त्याच्या मनात एक शंका होती. दाजी भोळे. लातूरला कुणी हार घातला तर थांबतील, सोलापूरला कुणी चहा पाजला तर बसतील, आणि काही बिघडलं की होडी घेऊन माघारी येतील. तो बहिणीकडं गेला.

"आक्का, तू संगं जा," तो म्हणाला. "तू असलीस तर गाडी मागं वळायची न्हाई."

शांतम्मानं सुपातले तांदूळ निवडून संपवले. मग म्हणाली की भावाची निवडणूक आहे म्हणून जाते, त्या घरात पाणी तेवढं पिईन. मलप्पा हो म्हणाला. आमची दोन मतं जातील की, हे तिनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला की गावात होडी ठेवून दोन मतं घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. तासाभरात तिची पिशवी भरून तयार होती. त्यातल्या काही साड्यांना आधीच इस्त्री झालेली दिसत होती.

पहाटे ताडपत्रीत गुंडाळलेली होडी उदगिरातून बाहेर पडली. सृष्टीनं सांगून ठेवलं होतं की दर तास-दीड तासानं थांबून हबला हात लावून बघा, हात टिकला तर ठीक, चटका बसला तर तिथंच थांबा. हे काम शांतम्मानं आपल्याकडं घेतलं, नवऱ्याच्या हातावर तिचा भरवसा नव्हता. प्रत्येक थांब्यावर ती खाली उतरायची, पदर खोचायची आणि तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात हबला लावायची. मग पट्टे ओढून बघायची, साखळ्या हलवून बघायची. तुळजापूरच्या अलीकडं एक पट्टा सैल झालेला तिलाच सापडला. तिनं तो स्वतः आवळला आणि नवऱ्याला ऐकवलं की दगडोबाला आता कामच देऊ नका.

सोलापूरच्या पुढं एका ढाब्यावर ट्रकवाल्यांनी विचारलं की ताडपत्रीखाली काय आहे. माणिकप्पांनी तोंड उघडायच्या आत शांतम्मा म्हणाली, "ज्वारी." ते खोटंही नव्हतं. कोल्हापूरला एका मठात मुक्काम केला. घाटाच्या तोंडाशी पोचल्यावर माणिकप्पांचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. मागं एवढं ओझं, खाली वळणं. शांतम्मानं त्यांना पहिल्या गिअरमध्येच उतरायला लावलं. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. ती खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना पुढं जायची खूण करत होती, आणि मध्येच, दरीकडं न बघता, शिवनाम घेत होती. खाली उतरल्यावर तिनं हबला हात लावला. कोमट होतं. तिनं घाम पुसला आणि पाणी मागितलं. नवऱ्याकडं मागितलेली ती त्या प्रवासातली पहिली गोष्ट होती.

सृष्टीच्या सासऱ्यांनी होडीभोवती फिरून, तळाला बोटानं टिचक्या मारून, ती समुद्रात नेण्यासारखी नाही, पण खाडीसाठी अगदी मापाची आहे, असं सांगितलं. ट्रेलर तर त्यांना फारच आवडला. एवढ्या लांबून येऊन चाक इतकं मोकळं फिरतंय, कुणी बांधला, असं त्यांनी विचारलं. माणिकप्पांनी दगडोबाचं नाव घेतलं आणि पुढचं सांगितलं नाही.

शांतम्माची पंचाईत वेगळीच झाली. तिनं फक्त पाणी प्यायचं ठरवलं होतं. पण सृष्टीच्या सासूनं तिच्यासाठी घरात वेगळी नवी भांडी आणून ठेवली होती, अंगणात वेगळी चूल मांडली होती आणि तीन दिवसांपासून घरात मासळी शिजवली नव्हती. घरातले पुरुष त्यामुळं थोडे उतरलेले दिसत होते. शांतम्मानं ती चूल बघितली, पोत्यातली ज्वारी दळून आणवली आणि सगळ्यांना ज्वारीची भाकरी आणि सांडग्याची भाजी करून घातली. रात्री तिनं विहीणबाईंना हळूच सांगितलं की उद्यापासून तुमचं तुमी शिजवा, मला फक्त वास येणार नाही अशा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवा.

मतदान झालं, मोजणी झाली. मोजणीच्या दिवशी सृष्टी दोघांना घेऊन खाडीत गेली. शांतम्मानं साडीवरून केशरी लाइफजॅकेट घातलं होतं आणि होडीचा काठ दोन्ही हातांनी धरला होता. पाणी संथ होतं, दोन्ही बाजूंना कांदळवनाची झाडं, मुळं पाण्यात उभी. सृष्टी मागं इंजिनावर होती. तेवढ्यात मलप्पाचा फोन आला. रेंज तुटत होती. तो पडला होता. बसवंतही पडला होता. दोघं एकमेकांकडं आणि लोक होडीकडं बघत असताना, शिलाई मशीन चिन्हावर उभ्या असलेल्या सरजाबाई, ज्यांच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं, त्या निवडून आल्या होत्या. मलप्पाचा आवाज बसला होता. त्यानं विचारलं, आक्का, तू कुठं हायस?

शांतम्मानं काठ एका हातानं सोडला, फोन तोंडाजवळ नेला आणि म्हणाली, "मलप्पा, जेवून घे. सरजाबाई भली बाई हाय, तिच्याकडून रस्ता करून घे. मी संध्याकाळी बोलते." फोन पिशवीत टाकून तिनं मुलीला विचारलं की त्या पलीकडच्या झाडावर निळा पक्षी बसलाय, तो कोणता, आणि होडी जरा तिकडून घेता येईल का.

सृष्टीनं होडी वळवली.

माणिकप्पा चार दिवसांनी परत निघाले, मोंढ्यात हरभऱ्याची आवक सुरू झाली होती. शांतम्मा म्हणाली की ती गुढीपाडव्याला येईल, तिकडं तसं काही काम अडलेलं नाही. रिकामा ट्रेलर रस्त्यावर फार उडतो, म्हणून व्याह्यांनी त्यावर नारळाची पोती घातली, पुढच्या अंगाला जास्त. प्रत्येक थांब्यावर माणिकप्पा उतरून हबला हात लावत आणि लगेच बायकोला फोन करून कळवत. उदगिरात पोचल्यावर त्यांनी पहिलं नारळाचं पोतं मलप्पाच्या घरी टाकलं आणि दुसरं दगडोबाला दिलं. ट्रेलर मिलीमागं नेला आणि टायर मातीत रुतू नयेत म्हणून खाली विटा लावल्या. मग ते मोंढ्यात गेले. तिथं पहिल्याच माणसानं विचारलं की काय अप्पा, होडी बुडाली म्हनं. माणिकप्पा म्हणाले की बसवंतची बुडाली, आमची चालू हाय.